बर्फ, बूट आणि बजेट : ‘संरक्षण खर्च कमी करा’ म्हणजे नेमका कुठला?

फेब्रुवारीत बजेट आलं की आमच्या इंदूरच्या मराठी घरांत एक वाद हटकून पेटतो. कुणीतरी म्हणतं, संरक्षणावर इतके लाख कोटी घालण्यापेक्षा त्यातले निम्मे शाळा-दवाखान्यांना द्या. लगेच समोरून येतं, मग सीमेवर कोण उभं राहणार, तुम्ही? हे दुसरं बोलणारं माणूस बहुधा महूचं असतं. महू इथून जेमतेम तेवीस किलोमीटर. १८१८ साली होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसौरचा तह झाला, त्यानंतर तिथे छावणी पडली, ती आजतागायत आहे. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, सिग्नलवाल्यांचं टेलिकम्युनिकेशन कॉलेज, सगळं तिथेच. त्यामुळे इंदुरात संरक्षण खर्चावर बोलायचं म्हणजे कुणाच्या तरी वडिलांची पेन्शन आणि कुणाच्या तरी मुलाचं पोस्टिंग यांच्यावरच बोलणं असतं.

मी या वादाच्या दोन्ही बाजूंची आहे. वडील फौजेत क्लार्क होते, मी महूच्या क्वार्टरमध्ये वाढले. आता सरकारी शाळेत शिकवते, आणि एका वर्गात दोन वर्गांची मुलं कोंबून बसवताना ‘पैसा जातो कुठे’ हा प्रश्न मलाही छळतो. संरक्षणावरचा खर्च कमी व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण नुसतं ‘कमी करा’ एवढंच म्हटलं, तर कात्री भलत्याच ठिकाणी चालते. कुठे चालते, ते सांगण्यासाठी हा लेख.

शंभर रुपयांचा हिशोब

२०२५-२६ च्या बजेटात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून थोडे अधिक मिळाले. केंद्र सरकारच्या एकूण खर्चाच्या हे साधारण साडेतेरा टक्के होतात. देशाच्या एकूण उत्पन्नाशी, म्हणजे जीडीपीशी ताडून पाहिलं तर दोन टक्क्यांना थोडे कमी. त्याच बजेटात शिक्षण मंत्रालयाला सुमारे १ लाख २८ हजार ६५० कोटी आणि आरोग्याला लाख कोटीच्या जरा आत. आकडे असे शेजारी ठेवले की पोटात कालवतं, माझ्याही. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शाळा आणि दवाखाने यांचा मोठा भार राज्य सरकारं उचलतात. संरक्षणाचा संपूर्ण भार एकट्या केंद्रावर असतो. त्यामुळे फक्त केंद्राचं बजेट उघडून ‘शिक्षणाच्या पाचपट संरक्षण’ म्हणणं हा अर्धाच हिशोब झाला.

आता हे ६ लाख ८१ हजार कोटी म्हणजे शंभर रुपये धरू. त्यातले जवळपास २४ रुपये पेन्शनला जातात. माजी सैनिक आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबीयांची संख्या चौतीस लाखांच्या वर आहे. २०१५ मध्ये ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ योजना लागू झाली आणि हा आकडा आणखी चढला. २९ रुपये तिन्ही दलांच्या पगार-भत्त्यांचे. २६ रुपये भांडवली खर्चाचे, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, रणगाडे अशा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तूंचे. ४ रुपये सीमा रस्ते संघटना, तटरक्षक दल वगैरेंचे. आणि उरलेले १७ रुपये फौज रोजच्या रोज चालवायचे : डिझेल, विमानाचं इंधन, सुटे भाग, दारूगोळा, सराव, डागडुजी, राशन, तंबू, कपडे, बूट.

यातलं काय कापता येईल? पेन्शन नाही, तो दिलेला शब्द आहे. पगार नाही. भांडवली २६ रुपयांतही मोठा वाटा आधीच बांधलेला असतो. २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार झाला, २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणेचा झाला. अशा करारांचे हप्ते पुढे कितीतरी वर्षं चालतात, आणि हप्ता चुकवून चालत नाही. नवी खरेदी मात्र पुढे ढकलता येते, आणि ती ढकललीही जाते. मार्च २०१८ मध्ये उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे सांगितलं होतं, की लष्कराकडची ६८ टक्के साधनसामग्री जुन्या जमान्यातली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त ८ टक्के.

राहता राहिले ते सतरा रुपये. समजा, वर्षात ओढाताण झाली आणि शंभरातले फक्त पाच वाचवायचे ठरले. पाच टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण बाकी कशालाच हात लावता येत नसेल, तर ते पाचही रुपये या सतरातूनच जातात. सतरातले पाच म्हणजे जवळजवळ तीस टक्के. घरात भाडं, कर्जाचा हप्ता आणि आजीची औषधं ठरलेली असली की महिनाअखेरीची काटकसर दूध-भाजीवरच येऊन पडते, तसंच हे. आणि शिवाय बूट कमी आले म्हणून दिल्लीत मोर्चा निघत नाही.

बोटांना कळलेली थंडी

बूट-कपड्यांच्या या खर्चाकडे बघायची माझी नजर शिमल्यात तयार झाली. लष्कराची ट्रेनिंग कमांड १९९१ मध्ये महूतच सुरू झाली होती. १९९३ मध्ये तिचं मुख्यालय शिमल्याला हललं आणि पुढे वडिलांची बदली तिकडे झाली. माळव्यातल्या पोराला हिवाळा म्हणजे काय ठाऊक? पहाटेचं धुकं, शेगडी, तिळाचे लाडू, आणि अवकाळी आलीच तर अंगणात वेचायच्या गारा. एका सकाळी दार उघडलं तर पायरीच दिसेना. आम्ही क्वार्टरमधली सगळी मुलं तशीच बाहेर पळालो. गोळे करून फेकायचे, पत्र्याच्या तुकड्यावर बसून उतारावरून घसरायचं, कुणाच्या तरी कॉलरमधून मूठभर बर्फ आत सोडायचं. आजीनं इंदूरहून विणून पाठवलेले लोकरीचे हातमोजे मी मोठ्या ऐटीत घातले होते.

पहिल्यांदा ते मोजे ओले झाले. मग बर्फाचे बारीक खडे लोकरीत अडकून बसले. थोड्या वेळानं बोटं दुखायला लागली, आणि त्यानंतर दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. घरी आले तर मोज्याची कड मला बोटांनी धरता येईना. आईनं मोजे ओढून काढले तेव्हा बोटांची टोकं पांढुरकी पडली होती. मी सरळ सिगडीकडे धावले. शेजारच्या सुभेदारांच्या पत्नीनं मला मागे खेचलं आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले. “आगीवर धरलेस तर कातडी भाजेल आणि तुला कळणारही नाही,” त्या म्हणाल्या. मग बोटांत रक्त परतायला लागलं आणि मी हंबरडा फोडला. तशी कळ नंतर कधी आली नाही.

काय घडलं होतं ते सोपं आहे. थंडी वाढली की शरीर आधी हृदय, मेंदू, आतडी असे मुख्य अवयव गरम ठेवतं. त्यासाठी हातापायांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा आखडता घेतं. पहिली वेदना हा इशारा असतो. ती थांबते तेव्हा धोका टळलेला नसतो, तर संवेदनाच गेलेली असते. यापुढे पेशींमधलं पाणी गोठायला लागलं की त्याला हिमदंश म्हणतात आणि तो वाढला तर बोटं कापावी लागतात. ओलं कापड हे सगळं कितीतरी पटींनी लवकर घडवून आणतं, कारण पाणी हवेपेक्षा फार वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. मी तेव्हा होते फक्त बावीसशे मीटर उंचीवर, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि खेळून झाल्यावर दूध-हळद प्यायला मोकळी.

आता सियाचीन घ्या. तिथल्या चौक्या साडेपाच-सहा हजार मीटर आणि त्याहूनही उंचावर आहेत. १९८७ मध्ये नायब सुभेदार बाणा सिंग आणि त्यांच्या साथीदारांनी जिंकलेली चौकी जवळपास साडेसहा हजार मीटरवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच. भूक मरते, झोप उडते, फुप्फुसात पाणी भरून माणूस काही तासांत दगावू शकतो. म्हणून जवानाला एकदम वर नेत नाहीत; टप्प्याटप्प्यानं, मध्ये मुक्काम करत, शरीराला सवय लावत नेतात. हिवाळ्यात पारा उणे पन्नासच्या खाली जातो. खायला-प्यायला, जाळायला रॉकेल, सगळं हेलिकॉप्टरनं किंवा माणसाच्या पाठीवरून वर चढतं. जितकी उंची जास्त तितकी हवा विरळ, आणि तितकंच हेलिकॉप्टरला उचलता येणारं ओझं कमी. खाली महूच्या लंगरात आणि वरच्या चौकीत शिजणारी डाळ एकच असते, पण वर पोचेपर्यंत तिच्यावर किती इंधन, किती उड्डाणं आणि किती जोखीम चढलेली असते, ते बजेटच्या कागदावर डाळीच्या नावानं कुठे दिसत नाही.

अशा ठिकाणी ‘स्पेशल क्लोदिंग’ हा चैनीचा शब्द नाही. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, त्यावर ऊब धरून ठेवणारा, त्यावर वारा आणि पाणी अडवणारा. बूट आत-बाहेर दोन थरांचे, कारण पायमोजा ओला झाला की माझ्या मोज्यांचं झालं तेच पायांचं होतं. फरक इतकाच, की तिथे काखेत हात धरायला शेजारीण नसते. आणि गॉगल. ताजा बर्फ अतिनील किरणांचा बहुतांश भाग उलटा फेकतो. गॉगल नसेल तर काही तासांत डोळ्यांचा वरचा पडदा भाजून निघतो, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि दिसेनासं होतं. हिमदरीच्या काठावर दोराला बांधून चालणाऱ्या माणसाला दिसेनासं होणं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा एक अहवाल संसदेत मांडला गेला. अतिउंचीवरच्या सैनिकांचे कपडे, साहित्य, राशन आणि निवारा हाच त्याचा विषय होता. बर्फात वापरायच्या गॉगलची टंचाई ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत गेल्याचं त्यात नोंदलं होतं. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट मिळाले नाहीत, म्हणून आधीचेच बूट दुरुस्त करून पुन्हा वापरात आणले गेले. चेहऱ्याचे मास्क, जॅकेटं, झोपायच्या बॅगा जुन्या नमुन्याच्या खरेदी झाल्या. राशनात एका जिनसाऐवजी दुसरा देताना उष्मांकांचा मेळ बसला नाही. यामागे एकटी पैशांची चणचण नव्हती; खरेदीतली दिरंगाई होती, नियोजनातली ढिलाई होती. परिस्थिती आता सुधारली आहे असं लष्करानं त्यानंतर सांगितलं. पण हे सगळं घडलं तेव्हा संरक्षणाचं बजेट दरवर्षी वाढतच होतं, आणि मला इथे तेच दाखवायचं आहे. एकूण आकडा फुगलेला असतानाही ही १७ रुपयांची ओळ आटू शकते. मग एकूण आकड्याला सरसकट कात्री लावली तर काय होईल?

आधी वाचवलेलं, मग दामदुपटीनं भरलेलं

हे पहिल्यांदा कळलं ते १९६२ मध्ये. त्याआधीची दहा-बारा वर्षं संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास किंवा खाली होता. गरीब देशानं धरणं, कारखाने, शिक्षण आधी बघायचं ठरवलं, यात मला काही गैर वाटत नाही. पण आजच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीच्या काठी, चौदा-पंधरा हजार फुटांवर, जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे केले गेले. चिनी सैन्य येण्याआधीच थंडीनं माणसं खिळखिळी झाली होती. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन मुंबईहून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी घराघरांत पोचलं. त्यांनी काय केलं हे त्या वाक्याइतकं कुणाला आठवत नाही. पर्वतीय युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभ्या राहिल्या, संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली गेली, आणि १९६१-६२ च्या तुलनेत दोनच वर्षांत संरक्षणावरचा खर्च दुपटीहून वर गेला. थोडं थोडं करून वाचवलेलं सगळं एकदम, आणि वर व्याजासकट भरावं लागलं.

कारगिलमध्ये बर्फानं आणखी थेट धडा दिला. तिथल्या कित्येक उंच चौक्या हिवाळ्यात रिकाम्या करायच्या आणि उन्हाळ्यात परत चढायचं, अशी दोन्ही बाजूंची वर्षानुवर्षांची रीत होती. माणसांची हालअपेष्टा वाचे, खर्चही वाचे. १९९८-९९ च्या हिवाळ्यात पाकिस्ताननं त्या रिकाम्या शिखरांवर माणसं आणून बसवली. मे १९९९ मध्ये ते उघडकीला आलं, २६ जुलैपर्यंत युद्ध चाललं आणि आपले ५२७ जवान गेले. त्याच वर्षी लेहला चौदावी कोअर, म्हणजे लष्कराची एक मोठी तुकडी, उभी राहिली, आणि तेव्हापासून त्या चौक्यांवर बाराही महिने माणूस असतो. दर वर्षी, दर हिवाळा. एका न लिहिलेल्या रीतीवरचा विश्वास मोडला आणि एक कायमचा खर्च चिकटला, तो असा.

मनालीची सहल कुणाच्या खात्यात?

आणखी एक गोष्ट, जी आमच्या वादात कधीच येत नाही. हल्ली डिसेंबर-जानेवारीत इंदूरची निम्मी कुटुंबं मनालीला असतात असं वाटावं, इतके बर्फातले फोटो फोनवर येतात. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, हातात मॅगी. आता बरेच जण सोलंगला न थांबता पुढे सिस्सूला जातात, कारण तिथे बर्फ खात्रीचा. सिस्सू लाहौलमध्ये, रोहतांग खिंडीच्या पलीकडे. आधी हिवाळ्यात खिंड बंद झाली की लाहौल जवळपास सहा महिने जगापासून तुटायचं. बाळंतीण असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, बाहेर काढायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघायची. ऑक्टोबर २०२० मध्ये खिंडीखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि ते संपलं. तो बांधला सीमा रस्ते संघटनेनं, जी संरक्षण मंत्रालयाखाली येते. बोगदा हवा होता तो लेहकडे रसद नेण्यासाठी. आज त्यातून फौजेचे ट्रक जातात, लाहौलचा वाटाणा आणि बटाटा बाहेर येतो, आणि आपली मुलं बर्फात लोळायला जातात.

म्हणून ‘संरक्षणाचा रुपया म्हणजे वाया गेलेला रुपया’ हे मला पटत नाही. पण ‘संरक्षणाच्या रुपयाला विचारायचंच नाही’ हे तर त्याहून पटत नाही. विचारणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली परंपरा आहे. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले लंडनला जाऊन हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या तिजोरीवर लादलेल्या लष्करी खर्चाबद्दल बोलले आणि १९०२ पासून कायदेमंडळातल्या बजेटच्या भाषणांत तोच धागा त्यांनी सोडला नाही. आणि महूचंच घ्या. त्या छावणीत, सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी, १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब आंबेडकर जन्मले. फौजी घरातलं मूल. त्यांनीच १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात हिशोब मांडला : सरकारचं वर्षाचं उत्पन्न साडेतीनशे कोटी, आणि त्यातले एकशेऐंशी कोटी सैन्यावर. हा प्रचंड खर्च आपल्या परराष्ट्र धोरणातून आला आहे, संकटात मदतीला येईल असा मित्र आपण ठेवलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या परराष्ट्र धोरणावरच्या मताशी तुम्ही सहमत असा-नसा. पण प्रश्न विचारायची पद्धत बघा. ते थेट मुळाशी गेले, की एवढी फौज लागते ती का लागते.

मग कापायचं कुठे

फौजेच्या आतली अनावश्यक चरबी काढता येते, आणि काही प्रमाणात ती काढलीही गेली आहे. लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीनं डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. लढणाऱ्या माणसांमागे किती माणसं कचेरीत, गोदामात, वर्कशॉपात आहेत, तिकडे तिचा रोख होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यातल्या ६५ शिफारशी मान्य झाल्या आणि सुमारे ५७ हजार पदांची फेरमांडणी ठरली. लष्कराची ३९ डेअरी फार्म होती, पहिलं १८८९ सालचं, म्हणजे बाजारात भरवशाचं दूध मिळत नव्हतं त्या काळातलं. तीही मार्च २०२१ पर्यंत बंद झाली. अशी कपात मला शंभर टक्के मान्य आहे. तिनं कुठल्याही चौकीवरच्या माणसाच्या अंगावरचा एक धागा कमी होत नाही. तिन्ही दलांची वेगवेगळी गोदामं, वेगवेगळी खरेदी, वेगवेगळ्या दुरुस्तीच्या यंत्रणा एकत्र आणण्याचं कामही याच जातीचं, आणि ते अजून बरंच शिल्लक आहे.

अग्निपथबद्दल मात्र मला शंका आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत जवान चार वर्षांसाठी भरती होतो. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात, बाकीचे साधारण पावणेबारा लाखांची सेवा निधी घेऊन, पेन्शनशिवाय घरी जातात. ग्वाल्हेरला आणि इंदुरातही तेव्हा पोरं रेल्वे स्टेशनांवर उतरली होती. योजनेमागे सैन्य तरुण ठेवण्याचं कारण दिलं गेलं, पण पेन्शनचे ते २४ रुपये सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होते. आता नीट बघा : २०२२ मध्ये भरती झालेला जवान जुन्या पद्धतीनं पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनीत गेला असता. म्हणजे या योजनेची पेन्शनमधली खरी बचत २०३७-३८ च्या पुढे दिसायला लागणार. तोवर आजचे चौतीस लाख आहेतच. आणि बर्फात उभं राहण्याचं शहाणपण चार वर्षांत किती मुरतं, हा प्रश्न मी शिमल्याच्या आमच्या शेजारच्या सुभेदारांना विचारला असता तर त्यांचं उत्तर काय आलं असतं, ते मला माहीत आहे.

सगळ्यात मोठी कपात शक्य असते ती खर्चाचं कारणच संपवून, आणि तीच सगळ्यात कठीण. सियाचीनचा वाद मुळात एका अर्धवट रेषेचा आहे. १९४९ च्या कराची करारात आणि पुढे १९७२ नंतर आखलेली नियंत्रण रेषा एनजे-९८४२ नावाच्या बिंदूपाशी थांबते. त्यापुढे बर्फच बर्फ, तिथे कोण जाणार, असं समजून कुणी रेघ ओढली नाही. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं आणि आपलं सैन्य सियाचीनलगतच्या साल्तोरो डोंगररांगेच्या धारेवर चढलं. तेव्हापासून दोन्हीकडची जास्त माणसं गोळीनं नाही, हवामानानं मेली. २०१२ च्या एप्रिलमध्ये ग्यारीला हिमकडा कोसळून पाकिस्तानचे सुमारे १४० जण गाडले गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत आपल्या सोनम चौकीवर तेच झालं, दहा जवान गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि तरी वाचले नाहीत.

दोन्ही देशांनी मागे हटावं यासाठी बोलणी झालेली आहेत. जून १९८९ मध्ये तर संयुक्त निवेदनापर्यंत मजल गेली होती. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी. भारत म्हणतो, आज कोण कुठे उभं आहे हे आधी नकाशावर नोंदवा आणि सह्या करा. मग मागे हटू. पाकिस्तान त्याला तयार होत नाही. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१६ मध्ये लोकसभेत हीच भूमिका मांडली : आपण उंचीवर आहोत, उतरलो आणि ते चढले तर परत घेताना कितीतरी जास्त जीव जातील. कारगिलनंतर याला उत्तर देणं अवघड आहे, आणि सह्या नसताना उतरावं असं मीही म्हणणार नाही. पण सह्यांसाठी बोलणी चालू ठेवा, एवढं म्हणायला देशद्रोही असावं लागत नाही. पहलगाम आणि ऑपरेशन सिंदूरनंतरच्या हवेत हे बोलणं आणखी कठीण झालंय, हे मला दिसतं. तरी ज्या आईचा मुलगा आज वर आहे तिच्या समोर बसून मी हेच म्हणेन, आणि महूत मी ते म्हटलंही आहे.

पुढच्या फेब्रुवारीत वाद घालण्याआधी एक काम करता येईल. केंद्राच्या बजेटात संरक्षणाच्या चार मागण्या वेगवेगळ्या छापलेल्या असतात. २०२५-२६ मध्ये १९ क्रमांकाची मंत्रालयाच्या नागरी खर्चाची होती, २० ची तिन्ही दलांच्या चालू खर्चाची, २१ ची भांडवली खर्चाची आणि २२ ची पेन्शनची. २० क्रमांकाच्या मागणीत पगाराच्या ओळी बाजूला ठेवा आणि ‘स्टोअर्स’ची ओळ शोधा; इंधन, राशन, दारूगोळा, कपडे अशा वस्तूंची खरेदी तिथे सापडते. तिच्यासमोर मागच्या वर्षी मंजूर झालेली रक्कम असते आणि शेजारी ‘सुधारित अंदाज’ असतो, म्हणजे वर्ष निम्मं सरल्यावर बदललेला आकडा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तर कपात झालेली आहे, मग भाषणात कुणी काहीही सांगो. संसदेची स्थायी समिती दर वर्षी या मागण्या ओळीओळीनं तपासून अहवाल देते, आणि तो लोकसभेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो.